विश्लेषण : पहाटे हुडहुडी, दुपारी घाम… ताडोबाच्या सफारीसाठी बॅगेत नेमके कोणते कपडे भरावेत?

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की ताडोबा, पेंच, मेळघाटकडे जाणाऱ्या पर्यटकांची गर्दी वाढते. सफारीचे बुकिंग काही महिने आधी होते, कॅमेऱ्याची बॅटरी दोनदा तपासली जाते, दुर्बिणीची जमवाजमव होते. कपडे मात्र निघायच्या आदल्या रात्री, मोबाइलवर तापमान पाहून भरले जातात. स्क्रीनवर ‘चंद्रपूर, २८ अंश’ असे दिसते आणि स्वेटर कपाटातच राहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जिप्सीत बसल्यावर कळते, की ते २८ अंश दुपारचे होते. उन्हाळ्यात गणित वेगळ्या पद्धतीने चुकते. गरम होणार म्हणून बिनबाह्यांचे टी-शर्ट आणि हाफ पँट घेतली जाते आणि पहिल्याच फेरीत कातडी भाजून निघते. विदर्भातील जंगलांत हवामान इतके का बदलते, उघड्या गाडीत शरीराला ते कसे जाणवते आणि त्यानुसार बॅग कशी भरावी, याचे हे विश्लेषण.

सफारीत कपड्यांना इतके महत्त्व का?

थंड हवेच्या ठिकाणी कुडकुडायला लागले तर चहाच्या टपरीत शिरता येते, हॉटेलवर परतून आणखी एक स्वेटर चढवता येतो. सफारीत ही सोय नाही. व्याघ्र प्रकल्पात ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून खाली उतरण्यास मनाई असते. सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते आणि साधारण चार तास चालते. गेटवर ओळखपत्रांची तपासणी होते, त्यासाठी आधी पोहोचावे लागते. रिसॉर्ट लांब असेल तर पहाटे पाचलाच निघावे लागते. म्हणजे पर्यटक सलग पाच तास उघड्यावर असतो आणि त्यातले पहिले दोन तास दिवसातले सर्वांत थंड असतात.

गाडीत सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक. डोक्यावर छत नाही, बाजूला काच नाही. एका मुलाला थंडी सहन होईना म्हणून गाडी परत फिरवायची, तर इतर पाच जणांची फेरी बुडते. त्यामुळे बहुतेक कुटुंबे दात वाजत असतानाही गप्प बसून राहतात. वाघ दिसला तरी हातात कॅमेरा धरवत नाही. अंगावर आणि मांडीवरच्या पिशवीत जे आहे, तेवढ्यावरच हे पाच तास काढायचे असतात. बॅग भरताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी.

एकाच दिवसात तापमान इतके का बदलते?

मुंबईकरांना याचा अंदाज येत नाही, कारण मुंबईला समुद्र आहे. पाणी हळू तापते आणि हळू निवते. त्यामुळे किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक मर्यादित राहतो. विदर्भ समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. हिवाळ्यात इथली हवा कोरडी असते आणि आकाश निरभ्र. ढग आणि हवेतील बाष्प रात्री जमिनीतून निघणारी उष्णता धरून ठेवतात. ते नसले की ही पांघरुणे निघून जातात आणि दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच भराभर निवू लागते.

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत सरासरी कमाल तापमान २८ अंशांच्या आसपास आणि किमान १२ अंशांच्या आसपास असते. हा झाला सरासरीचा हिशेब. थंडीची लाट आली की पारा आणखी घसरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. शहरातील सिमेंट आणि डांबर रात्रीही थोडी ऊब धरून ठेवतात. जंगलात तेही नसते. शिवाय थंड हवा जड असल्याने खोलगट भागात साचते. म्हणून नाल्याजवळून किंवा तलावाच्या काठाने गाडी गेली की थंडीचा झोत अंगावर आल्यासारखे वाटते.

उंचीचाही हिशेब आहेच. मेळघाटातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. नागपूरहून अनेक मराठी पर्यटक मध्य प्रदेशातील कान्हालाही जातात. तिथल्या गवताळ मैदानांत कडाक्याच्या थंडीत सकाळी दव गोठलेले दिसते. त्यामुळे मोबाइलवर तापमान बघताना ठळक अक्षरांतला कमाल आकडा सोडून त्याच्या खालचा किमान आकडा बघावा. शक्य असेल तर तासागणिक अंदाज उघडून पहाटे पाच ते सात या वेळेचे तापमान पाहावे.

उघड्या जिप्सीत थंडी जास्त का बोचते?

थर्मामीटर ८ अंश दाखवत असला, तरी जिप्सीत बसलेल्याला त्याहून जास्त थंडी वाजते. आपल्या त्वचेलगत शरीराने गरम केलेला हवेचा एक पातळ थर असतो. वारा नसेल तर तो थर टिकून राहतो आणि पांघरुणासारखे काम करतो. गाडी धावू लागली की वारा तो थर सतत उडवून लावतो आणि शरीराला तो पुन:पुन्हा तापवावा लागतो. पहाटे दुचाकीवरून कामावर जाणाऱ्या कोणालाही हा अनुभव असतो.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढल्यासारखी वाटते, हे मोजण्याचे एक सूत्र अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान विभागांनी २००१ मध्ये स्वीकारले. त्या सूत्रानुसार हवेचे तापमान ८ अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला साधारण ५ अंशांसारखे वाटते. जंगलातील कच्च्या रस्त्यांवर गाड्या साधारण याच वेगाने किंवा त्याहून हळू चालतात. रिसॉर्ट ते गेट हे अंतर मात्र डांबरी रस्त्याने कापले जाते. तिथे वेग ताशी ५० पर्यंत गेला तर तीच हवा ३ अंशांसारखी बोचते. हवेचे तापमान ४ अंश असेल, तर याच वेगाला ती उणे ३ अंशांसारखी भासते. याचा अर्थ बाटलीतले पाणी गोठेल असा नाही. पाणी हवेच्या तापमानाखाली जात नाही. शरीराची उष्णता मात्र तितक्या वेगाने निघून जाते.

त्यात भर म्हणजे पर्यटक स्थिर बसलेला असतो. चालताना किंवा टेकडी चढताना स्नायू उष्णता तयार करतात. जिप्सीत पाणवठ्यापाशी अर्धा तास आवाज न करता थांबायचे असते. सकाळच्या फेरफटक्याला पुरणारा स्वेटर इथे पुरत नाही, तो यामुळेच.

मग एकच जाड जॅकेट का पुरेसे नाही?

कारण नऊ वाजता ऊन चढते आणि तेच जाड जॅकेट नकोसे होते. ते काढले तर आत पातळ टी-शर्ट. वारा सुटला की पुन्हा हुडहुडी. ते अंगावर तसेच ठेवले तर घाम येतो, आतले कपडे ओले होतात आणि गाडी धावू लागली की ओले कपडे अंग आणखी गार करतात. यावर उपाय म्हणजे थर. कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक कपडे घालायचे आणि ऊन चढेल तसा एकेक थर उतरवायचा.

सर्वांत आतला थर घाम टिपून लवकर वाळणारा असावा. हिवाळ्यात त्यासाठी थर्मल उत्तम. सुती बनियन उन्हाळ्यात चांगले, पण सुती कापड ओलावा धरून ठेवते आणि हळू वाळते. मधला थर ऊब देण्यासाठी. त्यात लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस चालते. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते, फ्लीस हलके असते आणि लवकर वाळते. दोन्हींत हवेचे लहान कप्पे असतात आणि खरी ऊब त्या अडकलेल्या हवेमुळेच मिळते. पण विणीच्या छिद्रांतून वारा आत शिरला की ही हवाही उडून जाते. म्हणून सर्वांत बाहेर विंडचीटर हवे. अनेक जण नेमका हाच थर विसरतात. दोन स्वेटर घालूनही थंडी वाजते आणि एका स्वेटरवर साधे विंडचीटर चढवले की ती थांबते, त्यामागचे कारण हेच.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. प्रौढ माणसाचे डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे दहा टक्के असते आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात बाहेर पडते. पण बाकी अंग झाकलेले असताना चेहरा, कान आणि मान हेच उघडे राहतात आणि समोरून येणारा वारा तिथेच लागतो. त्यामुळे कानटोपी आणि मफलर हवाच. गाडीतील धरण्याचा लोखंडी रॉड पहाटे बर्फासारखा गार असतो. हातमोजे नसतील तर तो धरवत नाही. कॅमेरा वापरणाऱ्यांनी बोटांची टोके उघडी राहणारे हातमोजे घ्यावेत. पायांत घट्ट पायमोज्यांचे दोन जोड घालू नयेत. रक्तप्रवाह आवळला जातो आणि पाय अधिक गार पडतात. एकच जाड, सैल जोड बरा. जीन्सही टाळलेली बरी. ती जड असते, दवाने किंवा पावसाने भिजली तर लवकर वाळत नाही.

उन्हाळ्यात कमी कपडे की अंगभर?

एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, झाडांची पाने गळतात आणि उरलेल्या पाण्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही ताडोबाला गर्दी असते. याच काळात चंद्रपूरचे कमाल तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की विदर्भात नवतपा सुरू होतो. दुपारच्या फेरीला गेटवर पोहोचायचे म्हणजे डोक्यावर तळपते ऊन असतानाच निघावे लागते.

अशा वेळी अंग उघडे ठेवणे हा उपाय नव्हे. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंग गार करतो. पण हवा ४४ अंशांची असेल तर तोच वारा अंगात उष्णता ओततो. अशा वेळी शरीराजवळ घाम हा एकच मार्ग उरतो. घामाची वाफ होताना ती त्वचेची उष्णता घेऊन जाते. अंगावर थेट पडणारे ऊन आणि गरम झळा अडवणारे, पण आतून हवा खेळू देणारे कपडे म्हणूनच हवेत. म्हणजे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सैल पूर्ण पँट किंवा सलवार. पुण्यात दुचाकीवर वापरला जाणारा सनकोट फिक्या मातकट रंगाचा असेल, तर इथे अगदी कामाचा.

कपडे सैल असण्याचे महत्त्व एका जुन्या प्रयोगातून दिसले होते. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावर ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत १९८० मध्ये संशोधन प्रसिद्ध झाले. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण झगा सैल असल्याने ती जादा उष्णता आतून खेळणाऱ्या हवेबरोबर निघून जाते आणि शरीरापर्यंत पोहोचत नाही, असे त्यात आढळले. अंगाला चिकटणाऱ्या टी-शर्टला हा लाभ मिळत नाही.

नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. त्यामागे चोख शास्त्र आहे. दुपट्टा ओला करून बांधला की कोरड्या हवेत पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि डोके गार राहते. घरातला डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतो. जुलैच्या दमट हवेत कूलर निकामी ठरतो, तसाच ओला दुपट्टाही. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ नाकातोंडात जाते, तीही दुपट्टा अडवतो. टोपी रुंद काठाची आणि हनुवटीखाली दोरी असलेली घ्यावी. उडालेली टोपी उचलायला खाली उतरता येत नाही.

खिशात कांदा ठेवण्याची पद्धत विदर्भात जुनी आहे. मात्र खिशातला कांदा शरीराचे तापमान कमी करत नाही. पाणी, ताक, पन्हे, मीठ-साखर-पाणी यांचा उपयोग होतो. सोबतच्या माणसाची त्वचा तापली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला गुंगी आली, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा वाघाची वाट न बघता गाइडला सांगून गाडी जवळच्या गेटकडे वळवावी, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

अवकाळी आणि पावसाळ्यात काय?

विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा आणि वायव्येकडून येणारी कोरडी हवा एकत्र आली की अवकाळी पाऊस पडतो, कधी गारपीटही होते. सकाळी कडक ऊन आणि संध्याकाळच्या फेरीत गारांचा मारा, हे या दिवसांत नवल नाही. तापमान अर्ध्या तासात घसरते आणि उघड्या गाडीत आडोसा नसतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये थर्मल नको, पण पाणी अडवणारे हलके विंडचीटर बॅगेत हवेच. वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारा हा एकच कपडा वर्षाचे बाराही महिने उपयोगी पडतो.

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ताडोबाचा कोअर भाग बंद असतो. बफर क्षेत्रात मात्र सफारी चालू असतात. तिथे छत्रीचा उपयोग नाही. वाऱ्याने ती उलटते, मागच्याची दृष्टी अडवते आणि उघडताना होणाऱ्या आवाजाने जनावर बिचकते. पँटसह असलेला रेनकोट घ्यावा. गाडीची सीट ओली असते, त्यामुळे नुसता वरचा रेनकोट पुरत नाही. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड घट्ट बंद होणाऱ्या वॉटरप्रूफ पिशवीत ठेवावा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच आणखी एक काळजी घ्यावी लागते. गवतात गोचीड आणि डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या माइट किड्यांच्या अळ्या असतात. या अळ्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप पसरतो. २०१८ मध्ये विदर्भात या आजाराचे अनेक रुग्ण आढळले होते. गाडीत हा धोका कमी असतो, पण रिसॉर्टच्या आवारात, गवतातून फिरताना पूर्ण पँट, बंद बूट आणि पँटच्या टोकावर चढवलेले पायमोजे असावेत. परतल्यावर कपडे पलंगावर न टाकता झटकून वेगळे ठेवावेत.

रंग खाकीच हवा का?

सफारी म्हटले की खाकी, हे समीकरण जुन्या शिकारी पोशाखातून आले. सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातील लग्नांत मानाने शिवला जाणारा चार खिशांचा सफारी हा त्याचाच शहरी अवतार. पण जंगलात रंगाचे काम नेमके काय असते?

चितळ, सांबर यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या. त्यामुळे लाल-नारिंगी रंग हरणांना आपल्यासारखे ठळक दिसत नाहीत. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की आपल्याला भडक वाटणारा वाघाचा नारिंगी रंग अशी दृष्टी असलेल्या प्राण्यांना हिरव्या झाडोऱ्यात सहज मिसळून गेलेला दिसतो. मग लाल जॅकेट चालेल का? तर नाही. वाघाची चाहूल लागताच ‘कॉल’ देणारे वानर माणसाप्रमाणेच तीन रंगांचे जग पाहते आणि पक्ष्यांना तर माणसापेक्षा जास्त रंग दिसतात. शिवाय पांढराशुभ्र किंवा निऑन कपडा रंगापेक्षा उजळपणामुळे कोणाच्याही नजरेत भरतो.

पूर्ण काळा रंगही टाळावा. तो उन्हात तापतो आणि मधमाश्या चिडल्या तर गडद रंगाच्या वस्तूंवर आधी चाल करतात. मधपाळांचे कपडे पांढरे असतात ते यामुळेच. विदर्भातील जंगलांत आग्या मोहोळ असते. उग्र वासाच्या अत्तर-परफ्यूमने या माश्या बिथरू शकतात, त्यामुळे ते घरीच राहू द्यावे. मातकट, राखाडी, शेवाळी, फिका तपकिरी असे मधले रंग सर्वांत सोयीचे. नवीन खाकी कपडे विकत आणण्याची गरज नाही. कपाटातला जुना, मळखाऊ रंगाचा शर्ट पुरतो. लष्करी छापाचे कपडे मात्र टाळावेत.

रंगापेक्षा हालचाल आणि आवाज यांनी प्राणी अधिक बिचकतात. हात हलवला की खसखस वाजणारे नायलॉनचे जॅकेट आणि चर्रकन उघडणारे वेल्क्रो शांत जंगलात लांबवर ऐकू जाते. जॅकेट विकत घेताना बाही बाहीवर घासून आवाज ऐकून पाहावा.

लहान मुले आणि ज्येष्ठांसाठी वेगळे काय?

मुलांचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त असतो. त्यामुळे त्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते आणि लवकर तापते. आईबाबांना जितके थर लागतात त्याहून एक जास्त मुलाला घालावा आणि जादा पायमोजे, हातमोजे जवळ ठेवावेत. दोन मोठ्यांच्या मध्ये बसवले की वारा कमी लागतो. मूल कुरकुरायचे थांबले म्हणजे थंडी गेली असे समजू नये. अधूनमधून त्याच्या मानेला आणि हातांना हात लावून पाहावे.

ज्येष्ठांना वयानुसार थंडीची आणि तहानेची जाणीव कमी होते. आजी-आजोबा ‘मला काही होत नाही’ म्हणतात, तेव्हा अनेकदा त्यांना खरोखरच जाणवत नसते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पायमोजे आणि बंद बुटांत हयगय करू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे शरीरातील पाणी कमी होते. त्या घेणाऱ्यांनी मे महिन्यातील दुपारच्या फेरीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साडी नेसणाऱ्या ज्येष्ठ महिलांसाठी आतून थर्मल पायजमा आणि वरून शाल असली, तरी सर्वांत बाहेर विंडचीटर हवेच. घरची एक जुनी गोधडी मांडीवर घ्यायला असली तर आणखी उत्तम.

आफ्रिकेला जाणाऱ्यांसाठीही हाच हिशेब?

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला. तिथे त्याचा अर्थ प्रवास. तो अरबी ‘सफर’वरून आला आणि मराठीत आपण सफर म्हणतो तीही त्याच कुळातली. जुलै-ऑगस्टमध्ये केनियातील मसाई मारात विल्डबीस्टचे स्थलांतर पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची चूकही ताडोबासारखीच असते. आफ्रिका आणि तीही विषुववृत्ताजवळची, म्हणून स्वेटर घेतला जात नाही. प्रत्यक्षात नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै-ऑगस्ट हे तिथले थंड महिने. टांझानियातील गोरोंगोरो विवराची कड २२०० मीटरहून उंच आहे. म्हणजे थर इथेही लागणारच.

फरक तीन. जंगलात उतरणाऱ्या लहान विमानांत साधारण १५ किलोच सामान नेता येते आणि तेही मऊ बॅगेत. त्सेत्से माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे आकर्षित होते. तिला पकडण्याचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे असतात, म्हणून ती असलेल्या भागांत हे रंग टाळावेत. आणि केनियाने २०१७ मध्ये, टांझानियाने २०१९ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे. त्यामुळे कपडे गुंडाळायला कापडी पिशव्याच न्याव्यात.

बॅगेत नेमके काय भरावे?

दोन रात्री आणि तीन-चार फेऱ्यांच्या ताडोबा सहलीसाठी एका व्यक्तीचे कपडे साधारण असे :

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : थर्मलचा एक जोड, पूर्ण बाह्यांचे दोन पातळ शर्ट, एक स्वेटर किंवा फ्लीस, एक विंडचीटर, दोन पूर्ण पँट, कानटोपी, मफलर, हातमोजे, जाड पायमोज्यांचे दोन जोड आणि दुपारसाठी काठाची टोपी.

मार्च ते जून : पूर्ण बाह्यांचे तीन सैल सुती शर्ट, दोन सैल पँट, दोन दुपट्टे, दोरीची रुंद टोपी, गॉगल, हलके विंडचीटर आणि बंद बूट.

जुलै ते ऑक्टोबर : पँटसह रेनकोट, लवकर वाळणाऱ्या कपड्यांचे तीन जोड, पायमोज्यांचे तीन जोड, एक पातळ स्वेटर आणि वॉटरप्रूफ पिशवी.

प्रत्येक फेरीला नवा पोशाख लागत नाही. पहिल्याच फेरीत सगळ्यांचे कपडे धुळीने एका रंगाचे होतात, त्यामुळे सफारीसाठी दोन जोड आलटूनपालटून वापरावेत आणि रिसॉर्टसाठी एक वेगळा ठेवावा. गाडीत उतरवलेले थर ठेवायला चेन असलेली एक कापडी पिशवी प्रत्येक कुटुंबाने जवळ ठेवावी. सीटवर नुसता टाकलेला स्वेटर धक्क्याने खाली पडतो आणि मागच्या गाडीखाली जातो.

निघण्याच्या आदल्या दिवशी रिसॉर्टला फोन कराच. ‘थंडी किती आहे?’ असे विचारले तर ‘आहे थोडी’ हेच उत्तर येण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी ‘सकाळच्या फेरीला तुमचा ड्रायव्हर सध्या काय घालून जातो?’ असे विचारावे. तो कानटोपी आणि दोन जॅकेट घालून जात असेल, तर बॅगेची चेन पुन्हा उघडलेली बरी.